वापराचं पाणी

मागच्या दिवाळीत एका अंकात माझा लेख आला होता. टर्बो असलेल्या गाडीच्या इंटरकूलरवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीवर, पाण्याचा बारीक फवारा मारला, तर भर उन्हाळ्यात घाट चढतानाही गाडीचा दम टिकतो, असा त्याचा विषय. मी पुण्यात एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे लोकांनी तो विश्वासानं वाचला. काहींनी फोन केले. दोघांनी आपल्या गाडीला तशी जुळणी करून मला फोटो पाठवले.

त्या लेखात एक खोटं होतं आणि एक चूक होती. खोटं मला लिहितानाच ठाऊक होतं. चूक कळायला वऱ्हाडात जावं लागलं, तेही ज्येष्ठातल्या उन्हात.

खोटं आधी सांगून टाकतो. लेखात मी लिहिलं होतं, 'मी ही जुळणी करून पाहिली.' ती माझी नव्हती. माझ्या बायकोचे, सुनंदाचे थोरले भाऊ प्रभाकर गावंडे यांचं अकोल्यात रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. इंटरकूलरवर पाणी मारायची कल्पना तशी जुनी. रॅली शर्यतीच्या काही गाड्यांना असा फवारा कारखान्यातूनच बसवून येत असे. पण कपाशीवर फवारायच्या पंपाचं कोरं नोझल, काच धुवायची मोटर आणि दहा लिटरची कॅन एवढ्यावर इथल्या जीपगाड्यांना पुरेल अशी जुळणी प्रभाकरभाऊंनी बसवली होती. महिनाभर फोनवर त्यांनी मला तिचा एकेक भाग समजावून सांगितला. मी ते वहीत उतरवलं आणि छापायला दिलं. त्यांचं नाव घातलं नाही. दुकानदाराचं नाव आलं तर लेख हलका वाटेल, असं तेव्हा मला वाटलं होतं.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला. अधिकात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. सासू-सासरे गेल्यापासून हा मान प्रभाकरभाऊ करतात. त्यांचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या पेपरांचं निमित्त सांगून पाहिलं. सुनंदानं बॅगा भरायला काढल्या. मग निघालो.

पातूर

जालन्याच्या पुढे ऊन बदलतं. पुण्यात उन्हाचा त्रास होतो. इथे ऊन काम करतं, मन लावून. मेहकर सोडल्यावर गाडीची काच खाली केली तर आत वारा येण्याऐवजी भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. सुनंदा मात्र खुलत होती. माहेर जवळ आलं की ती बोलता बोलता 'मला'चं 'मले' करते.

पातूरच्या अलीकडे घाट आहे. फार मोठा नाही. माझ्या गाडीलाही मी भाऊंची नक्कल करून फवारा बसवलाय. चढावर बटण दाबलं. समोरच्या छोट्या तापमापकावरचा, इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा सत्तरवरून खाली यायला लागला आणि अठ्ठावन्नवर थांबला. पुण्यात कधी एवढा फरक पडला नव्हता. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी लवकर उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. पण ते आकड्यात उतरताना पाहून आनंद झाला नाही. चोरून आणलेली वस्तू ज्याची त्याच्याच दारात उत्तम चालावी, तसं वाटलं.

"दादाला दाखव," सुनंदा म्हणाली. "किती खूश होईल."

तिला लेख माहीत होता. त्यात काय नव्हतं, ते माहीत नव्हतं. तिनं तो वाचलाच नव्हता. नवऱ्याचे लेख कोण वाचतं.

अकोला

दारात गूळपाणी आलं. भाऊंच्या पत्नी शोभावहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला कूलरच्या बरोब्बर समोरची खुर्ची दिली. अकोल्यात ही मानाची जागा. आमच्याकडे कूलर म्हणजे माळ्यावरचं सामान, चार दिवस काढायचा आणि पुसून ठेवायचा. इथे तो घरातलं माणूस आहे. सकाळी त्याला पाणी पाजतात, दुपारी त्याच्या तब्येतीची विचारपूस करतात. नळ रोज येत नाही. आला की आधी पिण्याचे हंडे, मग कूलर, मग बाकीचं.

जेवायला शेवया आणि आंब्याचा रस होता, कोथिंबिरीची सांभारवडी होती, आणि रस संपायच्या आत वाटी भरली जात होती. वाढताना वहिनी माझ्याशी थेट बोलत नाहीत. "जवाईबापूले इचारा, अजून घेतात काय," असं सुनंदाला सांगतात. पंचवीस वर्षांत या घरात मला कुणी एक उणा शब्द बोललेलं नाही. आमच्याकडे जावयाची थट्टा करतात, कामाला लावतात. इथे जावयाचं चुकत नाही. चुकलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

संध्याकाळी प्रभाकरभाऊ मला दुकानात घेऊन गेले. साठीच्या जवळ आलेला उंच, वाळका माणूस, बोटांवर डागकामाचे जुने चट्टे. भिंतीला पितळी रेडिएटर टांगलेले, बरेचसे धूळ खात. आता प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर आले, ते डागता येत नाहीत, फेकून नवे बसवतात. तांब्या-पितळेचं काम घेऊन आठवड्यात दोन माणसं आली तरी पुष्कळ, असं ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं.

म्हणून हा फवारा त्यांच्यासाठी नुसती गंमत नव्हती. परतवाड्याचे रफीकभाई अमरावती, परतवाडा, चिखलदरा अशा प्रवासी गाड्या चालवतात. मे महिन्यात भरलेल्या गाड्या चिखलदऱ्याच्या घाटात धापा टाकतात, प्रवासी कुरकुरतात. रफीकभाईंनी एक संधी देऊ केली होती: दुपारच्या उन्हात, वजन भरून, घाट चढून दाखवा. चढली तर ते आपल्या सगळ्या गाड्यांना फवारा लावून घेणार होते आणि उन्हाळाभर देखभालीचं काम भाऊंच्या दुकानाला मिळणार होतं. नाही चढली तर भाऊ पुढच्या वर्षी दुकानाला कुलूप लावणार होते. हे मला भाऊंनी नाही, वहिनींनी सुनंदाला सांगितलं आणि सुनंदानं मला.

भाऊंनी दुकानासमोर उभ्या असलेल्या आपल्या जीपचं बॉनेट उघडलं. पुढच्या जाळीमागे इंटरकूलर, त्याच्यासमोर तीन नोझल.

"टर्बो काय करते? हवेले कोंबते," ते म्हणाले. "कोंबली का हवा तापते. तापली का पातळ होते. मंग कोंबून फायदा काय? म्हनून हे मधात लावलं, कोंबलेली हवा थंडी कराले. पन थे थंडी होते बाहेरच्या हवेनं, अन् बाहेर तं आगच लागून राहिली. मंग आपन काय करतो? खिडकीतला कूलर गाडीच्या तोंडाले लावतो. बस."

माझ्या लेखात हेच चार पानं होतं. मी मान हलवली. आता सांगावं, असं मनात आलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात ते म्हणाले, "उद्या तुमी संग चाला जवाईबापू. तुमी शिकलेले. रफीकभाईले समजावून सांगाल, तं त्याले पटन."

मी म्हटलं, येतो.

म्हैसांगच्या पुढे

सकाळी वहिनींनी जीपच्या पुढच्या बंपरला ताजं लिंबू-मिरची बांधलं. माझ्या शर्टाच्या खिशात कांदा ठेवायला लावला, उन्हाचा म्हणून. भाऊंनी घरच्या नळाचं पाणी कापडातून गाळून कॅन भरली आणि पंप चालतो ना, ते तीनदा पाहिलं. ते पहाटेपासून गाडीखाली होते. म्हैसांग आल्यावर त्यांनी चाक माझ्या हाती दिलं, दुपट्टा तोंडावर ओढला आणि झोपले.

पूर्णा ओलांडली. नदी म्हणायला एक रेघ. दोन्ही बाजूंना काळी जमीन, नांगरून उघडी टाकलेली, भेगा पडलेली. झाड कमी. जे करायला नको होतं ते मी तिथे केलं. सपाट रस्त्यावर फवाऱ्याची गरज नसते. पण बटण दाबलं की आकडा घसरायचा, सोडलं की चढायचा, पुन्हा दाबलं की पुन्हा घसरायचा. डोक्यातला घोर विसरायला एवढं पुरेसं होतं. दर्यापूर यायच्या आत मोटर कोरडी घरघरली. दहा लिटर संपले होते.

भाऊ झोपेत होते. त्यांना उठवून सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. माझ्याकडून ते झालं नाही. रस्त्याकडेला एक लहान गाव लागलं, मी कडुनिंबाखाली गाडी लावली आणि रिकामी कॅन उचलून एका घराशी गेलो.

ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. मी पाणी म्हणताच त्यांनी उठून माठावरचं झाकण काढलं. माठाशेजारी दोनच हंडे होते. या भागात प्यायचं पाणी कसं येतं ते मी ऐकून होतो. त्या माठातलं दहा लिटर गाडीवर उडवायचं म्हणजे पाप, असं वाटलं. मी घाईनं म्हणालो, "पिण्याचं नको आजी. वापराचं द्या."

"वापराचं?" त्या थांबल्या. "पिवाचं नाई?"

"नाही, नाही. गाडीला हवंय."

"गाडीले वापराचं चालते काय बाप्पा?"

"गाडीला काय, कुठलंही चालतं," मी म्हणालो.

त्यांनी मागच्या टाक्याकडे बोट दाखवलं. बोअरचं पाणी, भरपूर. मी कॅन भरली, तोंडावर चार ओंजळी मारल्या, आजींना नमस्कार केला आणि निघालो. आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटत होतं. किती दिवसांनी तसं वाटलं होतं.

मैलभर गेल्यावर चेहऱ्याची कातडी ताणली गेली. ओठांवरून जीभ फिरवली. खारट. घाम असेल म्हणून रुमालानं पुसलं. रुमाल वाळला तशी त्याच्यावर पांढरी कड उमटली.

पूर्णेच्या या खोऱ्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीखालचं पाणी खारं. शाळेच्या भूगोलात हा शब्द मी पाठ केला होता, त्यावर मार्क मिळवले होते. इथल्या माणसांना तो पाठ करावा लागत नाही. ते पाणी मागताना दोन वेगळे शब्द वापरतात, एवढंच. प्यायचं ते गोडं. वापराचं ते खारं.

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पाचवीतल्या मुलाला कळतं. बारीक छिद्राचं नोझल, तापलेली पातळ पाती, आणि मी त्यांच्यावर मीठ मारायची सोय करून ठेवली होती. तिथेच थांबून कॅन ओतून देता आली असती.

भाऊ जागे झाले. मागे वळून कॅन पाहिली. काठोकाठ. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. "बटन दाबलंच नाई वाटते तुमी. मी तं म्हटलं, नवीन मानूस, खेयत बसन. हात आवरला जवाईबापू."

अंजनगावच्या पुढे त्यांनी स्वतःच तीन-चारदा फवारा मारून मला आकडा दाखवला. दर वेळी मी म्हटलं, वा.

परतवाडा

परतवाड्यात सातपुडा अचानक समोर उभा राहतो. इतका वेळ ताटासारखी सपाट असलेली जमीन एकदम मागे सरते, संत्र्याच्या बागा लागतात, हवेला थोडा ओलसर वास येतो. दुसरा कुणी असता तर त्यानं ते डोळे भरून पाहिलं असतं. मी पाहत होतो नोझलकडे. जीप उन्हात उभी होती, आणि बाराचा दीड, दीडचे दोन झाले तरी आमचं जेवण संपत नव्हतं.

रफीकभाई ठेंगणे, दाढीला मेंदी लावलेले, बोलताना डोळे बारीक करणारे. आम्हाला अधिक महिना आहे हे त्यांनी स्वतःहून लक्षात ठेवलं होतं. "आपका महिना चल रहा ना, तो आज सिरफ दाल और बैंगन," म्हणाले, आणि स्वतःही तेच जेवले. भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा होता. इतका तिखट की एरवी मी पाणी मागितलं असतं. त्या दिवशी पाणी हा शब्दच तोंडातून निघेना.

भाऊंनी मला खूण केली. मी रफीकभाईंना तत्त्व समजावलं. बाष्पीभवन, घनता, ऑक्सिजन. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साहब, घाट को ये सब मालूम नहीं रहता. चढके दिखाओ."

मागे सरकीच्या ढेपीची सहा पोती चढवली गेली. रफीकभाई मधल्या सीटवर बसले, शेजारी प्रवाशांसाठीचा पाण्याचा कॅम्पर ठेवून. चाक भाऊंच्या हातात.

घाट

धामणगाव गढी मागे पडली आणि चढ सुरू झाला. सागाची पानं गळून गेलेली, नुसती खोडं उभी. साठ. चौसष्ट. अडुसष्टला भाऊंनी बटण दाबलं. मोटरचा आवाज आला. आकडा उतरला नाही. एकोणसत्तर. त्यांनी पुन्हा दाबलं. बाहत्तर. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आले. मी खिशातला कांदा मुठीत धरून बसलो होतो, तो हाताला ओला लागला. अठ्ठ्याहत्तरला जीपनं मान टाकली. पहिल्या गिअरमध्ये ती बैलगाडीसारखी चालली आणि मागून आलेली एक मोटारसायकल, तीन माणसं बसलेली, आम्हाला ओलांडून गेली.

"प्रभाकरभाऊ," रफीकभाई हळूच म्हणाले, "इससे तो मेरी बिना पानी की अच्छी चढती."

भाऊंनी वळणावर गाडी घेतली, दगड लावला, बॉनेट उघडलं. तीनपैकी दोन नोझल बंद. तिसरं थुंकल्यासारखं करत होतं. इंटरकूलरच्या पात्यांवर पीठ भुरभुरावं तसा पांढरा थर. भाऊंनी त्याच्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना सगळं समजलं होतं: रिकामी झालेली कॅन, त्यांची झोप, बोअरचं पाणी. ते रफीकभाईंकडे वळले.

"माहीच चूक झाली. पानी पाहून भरलं नाई मी. खारं भरलं गेलं."

रफीकभाईंचे डोळे बारीक झाले. चाळीस वर्षं अकोल्यात रेडिएटर दुरुस्त करणारा माणूस खारं पाणी भरतो, म्हणजे तो एक तर म्हातारा झाला किंवा बेफिकीर. दोन्हीपैकी कुणाच्याही हाती कुणी गाड्या देत नाही. हे भाऊंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्यांनी ते अंगावर घेतलं, कारण जावयाचं चुकत नाही.

गप्प बसलो असतो तर माझा मान राहिला असता. त्या घरात कुणी मला कधीच काही बोललं नसतं. ते मनात आलं, हेही इथे लिहून ठेवतो. मग मी म्हणालो, "रफीकभाई, यांचं पाणी गोडं होतं. ते मी वाटेत उडवून टाकलं. हे मी भरलं, दर्यापूरच्या अलीकडे. खारं आहे हे मला मैलभरातच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

भाऊ म्हणाले, "जाऊ द्या ना जवाईबापू."

"नाही," मी म्हणालो. "यांचं यंत्र बरोबर आहे."

रफीकभाईंनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. मग भाऊंना म्हणाले, "दामाद को खाना देते भाऊ. गाडी नहीं देते." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. ते हसले म्हणून भाऊ हसले.

नोझल काढले. मीठ पाण्यात विरघळलं, पण आत खडूसारखं काहीतरी घट्ट बसलं होतं, ते निघेना. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि बंपरवरचं लिंबू तोडलं. "नजर लागाची थे लागून गेली," म्हणाले. उन्हानं लिंबू अर्धं वाळलं होतं, तरी चार थेंब निघाले. त्या चार थेंबांत नोझल घोळवून, मिरच्या ओवल्या होत्या त्याच तारेनं त्यांनी छिद्रं मोकळी केली. मी फुंकर मारून साफ करत होतो. मीठ, लिंबू आणि डिझेल यांची एकत्र चव अजून जिभेवर आहे.

कॅन ओतून टाकली. रफीकभाईंनी आपला कॅम्पर पुढे केला. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी, गोडं. अर्ध्यानं इंटरकूलर धुतला, अर्धं कॅनमध्ये. प्यायला कुणालाच उरलं नाही. मी जरा कचरलो, तर रफीकभाई म्हणाले, "अब शरम मत करो. शरम में ही पहले गडबड हुई."

उतरून पायथ्याशी गेलो आणि चारच्या सुमाराला पुन्हा चढलो. त्याच वळणावर आकडा सत्तावन्नवर होता आणि जीप तिसऱ्या गिअरमध्ये. रफीकभाई सबंध घाटभर एक शब्द बोलले नाहीत. वर चिखलदऱ्यात चहा घेताना म्हणाले, "पहले एक गाडी को लगाओ. पंधरा दिन देखूंगा." मग माझ्याकडे कप रोखून, "और पानी मैं खुद भरूंगा."

सगळ्या गाड्या नाही, एक. जे आधीच हातात येणार होतं ते माझ्यामुळे पंधरा दिवस लांबलं होतं. भाऊ मात्र समाधानी दिसले. किंवा तसे दिसायचं त्यांनी ठरवलं असेल.

परतताना

ऊन कलल्यावर अंजनगावची पानवेलीची हिरवी शेतं मागे पडली आणि मी म्हटलं, "भाऊ, अजून एक सांगायचंय."

"दिवाळी अंकाचं काय?"

भाऊंनी विचारलं. ते समोर बघत गाडी चालवत होते.

"होळीच्या टायमाले दर्यापूरचा एक जन आला दुकानात. गाडीले फवारा लावला होता त्यानं. इंटरकूलर पुरा पांढरा, एका जागी भोक पडलं होतं. मी म्हटलं, हे कोनं सांगतलं तुले? तं त्यानं खिशातून कात्रन काढलं. तुमचा फोटो होता वर. त्यात लिवलं होतं, कुठलंही साधं पानी चालते." मग म्हणाले, "मी तुमाले फोनवर दोनदा सांगतलं होतं, गोडंच पाहिजे म्हनून."

सांगितलं होतं. माझ्या वहीत ते आहे. 'गोडं पाणी' असं लिहून पुढे मी प्रश्नचिन्ह टाकलेलं आहे. बोलीतला शब्द असेल म्हणून लेखात त्याचं 'साधं' केलं. पुण्यात दोन्ही एकच.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"काय बोलू? जवाई मानूस. सुनंदीले काय वाटलं असतं." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. "पन काहून लिवलं नाई माहं नाव?"

पंचवीस वर्षांत त्या घरातून मला विचारला गेलेला हा पहिला जाब. मी खरं ते सांगितलं. दुकानदाराच्या नावानं लेख हलका होईल असं वाटलं, हे त्याच शब्दांत. त्यांनी ऐकून घेतलं.

कडुनिंबाचं ते गाव आलं तशी मी गाडी थांबवायला सांगितली. आजी ओट्यावरच होत्या. त्यांना काय सांगायचं ते मला नीट माहीत नव्हतं. पाणी खारं निघालं, एवढंच म्हणालो.

"मंग? वापराचं होतं ना थे," आजी म्हणाल्या. "मी तं इचारलं होतं तुले, पिवाचं नाई काय म्हनून." आणि माठावरचं झाकण काढून त्यांनी मला तांब्याभर गोडं पाणी दिलं. ते मी प्यालो. भाऊंना मागे मोठ्यानं हसू आलेलं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी धोंडे झाले. पाटावर बसवलं, वहिनींनी ओवाळलं, तबकात दिवा आणि तेहतीस अनारसे. मी हात पुढे करेना. भाऊ म्हणाले, "वान घ्याच लागते. नाई म्हनता येत नाई." मग खाली वाकून, बायकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू: "पानी तेवढं दुरुस्त करून छापा. लोकाइच्या गाड्या खराब होऊन राहिल्या. माहं नाव नसलं तरी चालन."

मी वाण घेतलं. सुनंदाला परतीच्या वाटेवर पातूरच्या घाटात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी ते छापून आण."

तर हे वाचणाऱ्यांसाठी. इंटरकूलरवरच्या फवाऱ्याची जी जुळणी मी माझी म्हणून छापली होती, ती अकोल्याचे प्रभाकर गावंडे यांची आहे. पाणी कुठलंही चालत नाही, गोडंच लागतं. माझा लेख वाचून कुणी फवारा बसवला असेल, तर बॉनेट उघडून पाती पाहावीत. पांढरं दिसलं तर गोड्या पाण्यानं धुवावीत. आणि वाटेत कुणाच्या दारी पाणी मागायची वेळ आली, तर ते प्यायचंच मागावं. तेवढं त्या घरात आहे का, हे आधी विचारावं.